मूकपटातील अक्षर आणि अबोल कुणबी : ‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटासंबंधी काही विचार

मराठी चित्रपटाच्या इतिहासविषयक सूची चाळू लागले असता १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाचा कथालेखक म्हणून कोठे ‘नारायण हरी आपटे’, तर कोठे ‘हरी नारायण आपटे’ असे नाव आढळते. हा घोटाळा क्षुल्लक मानून पुढे जाण्याची प्रथा पडली आहे. परंतु तो क्षुल्लक नाही. ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिणारे हरिभाऊ १८६४ साली जन्मले व ३ मार्च १९१९ रोजी निवर्तले. ‘सावकारी पाशा’चे लेखक नारायण हरी आपटे यांचा जन्म १८८९ सालचा व मृत्यू १९७१ सालचा. दोघांचा परस्परांशी लेखक म्हणून संबंध एवढाच, की दोघांनीही ऐतिहासिक व सामाजिक अशा दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या लिहिल्या. मराठीत स्वतःचे नाव आधी व पित्याचे नंतर लिहिण्याची पद्धत असल्यामुळे ‘हरी नारायण’ आणि ‘नारायण हरी’ ही नावे शेजारी आली की एक लेखक दुसऱ्याचा पिता भासू लागतो. दोघांच्या वयांत पंचवीस वर्षांचे अंतर असल्याने या भासाला कालगणनाही साथ देते, हे आणखी दुर्दैव.

या घोटाळ्याचे मूळ शोधणे कठीण नाही. ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला, तिनेच दोन वर्षांपूर्वी, १९२३ साली, ‘सिंहगड’ हा मूकपट काढला होता. तो हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. दिग्दर्शक एकच, कंपनी एकच आणि दोन्ही चित्रपटांमागे एकेक ‘आपटे’. तेव्हा सूचिकाराचा हात घसरला तर नवल नाही. मात्र परिणाम असा झाला, की सूची प्रमाण मानणाऱ्या अभ्यासकाला ‘सावकारी पाश’ हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या सुधारणावादी कादंबरीचे उशिरा आलेले चित्ररूप वाटू लागते. वस्तुतः तो चित्रपट एका हयात, तरुण आणि पुण्याबाहेरच्या लेखकाच्या कथेवर आधारलेला आहे. ना. ह. आपटे यांचा जन्म सांगलीजवळील समडोळीचा आणि त्यांचे वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे. (हे कोरेगाव भीमेकाठचे नव्हे, हे साताऱ्याबाहेरील वाचकाला सांगावे लागते.) जुन्या सातारा जिल्ह्यातूनच १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे आपट्यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी असा जो मुलूख आहे, तो कर्जरोख्यांचा आणि रयतेच्या कर्जबाजारीपणाचा इतिहास ज्याच्या अंगावर लिहिलेला आहे असा मुलूख आहे. लेखक बदलला की चित्रपटाचा प्रदेश बदलतो, आणि प्रदेश बदलला की त्याचा अर्थही बदलतो.

दिग्दर्शकासंबंधी फार विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. बाबूराव पेंटर यांचे चरित्र सर्वश्रुत आहे. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री आपल्या आनंदराव या बंधूसमवेत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत, आणि ‘पेंटर’ हे त्यांच्या धंद्याचे नाव पुढे आडनाव होऊन बसले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रकाशात आल्यावर या बंधूंनी स्वतः कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा सिद्धीस नेला. १९२० साली ‘सैरंध्री’ निघाला. या साऱ्या कर्तृत्वातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट एकच आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने रंगविलेल्या पडद्यांवर घालविली, त्याच कलावंताने चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार करून त्याजागी लांबी, रुंदी आणि खोली असलेली घरे व वाडे उभे केले. जो पडदा आपल्या हातचा आहे त्याचे खोटेपण त्यालाच आधी दिसले. ‘सावकारी पाशा’तील शेतकऱ्याचे झोपडे या दृष्टिपालटातून आलेले आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. एका तरुण शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, तो गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती, तर सावकाराची झुंझारराव पवार यांनी. पुराणे आणि शिवकाल यांच्या बाहेर पडून चालू काळातील खेड्याकडे पाहणारा हा चित्रपट होता, म्हणून त्याला वास्तववादी चित्रपटाचा आद्य नमुना म्हणतात. ते योग्यच आहे. पण ‘वास्तववादी’ हे विशेषण लावून समीक्षा तेथेच थांबते, ही माझी तक्रार आहे. वास्तव कोठे होते? झोपड्यात होते, बैलांत होते, मुंडाशात होते, हे सर्व मान्य. ते भाषेत होते काय? मूकपटाला भाषा नसते असे गृहीत धरल्यामुळे हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मूकपटाला भाषा होती. ती पडद्यावर मधून मधून येणाऱ्या अक्षरपाट्यांची भाषा होती. या पाट्यांवर प्रसंगाची सूचना असे, पात्रांची वाक्ये असत, कधी उपदेशही असे. आणि चित्रपट निरनिराळ्या प्रांतांत जाणार असल्यामुळे एकच मजकूर दोन-तीन भाषांत लिहिलेला असे. १९२१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे ७ होते. तेव्हा तंबूत किंवा थिएटरात बसलेल्या बहुसंख्य प्रेक्षकांना ही अक्षरे वाचता येत नव्हती. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, शेजारचे ऐकत; कित्येक ठिकाणी मालक या कामासाठी माणूसच उभा करी. याचा अर्थ असा, की मूकपट प्रत्यक्षात निःशब्द नव्हता. त्यातील शब्द पडद्यावर लिहिलेला असे आणि प्रेक्षागृहात उच्चारला जाई. या दोन क्रियांच्या मध्ये एक वाचणारा असे.

या वाचणाऱ्याचा पूर्वज सांगलीत सापडतो. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या नाट्यप्रकारात सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे त्या पदांना अनुसरून अभिनय करीत, आयत्या वेळी सुचेल ते बोलत. कथेचा शब्द एकाकडे आणि देह दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी. पुढे लिखित संवादांचे नाटक आले व ही विभागणी मोडली. मूकपटाने ती पुन्हा आणली. फरक एवढाच, की भाव्यांच्या सूत्रधाराचा शब्द पाठ केलेला होता, तर मूकपटातील वाचकाचा शब्द लिखित होता; म्हणून ज्याला अक्षर येते त्याची सत्ता येथे अधिक होती. तो गाळून वाची, भर घाली, गावच्या बोलीत फिरवूनही सांगे. चित्राचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या घटकेपुरता त्याचा असे.

‘सावकारी पाश’ या चित्रपटाच्या बाबतीत या गोष्टीला एक निराळेच वजन येते, कारण कर्जाचा व्यवहार हाही मुळात वाचणारा आणि न वाचणारा यांच्यामधील व्यवहार होता. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी जे दंगे केले त्यांत त्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. ठिकठिकाणी खते आणि रोखे हिसकावून जाळण्यात आले. निरक्षर माणसाला आपला शत्रू कोठे बसला आहे हे अचूक कळले होते. तो कागदात बसला होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. दस्तऐवज सरकारी निबंधकासमोर झाला पाहिजे, कोर्टाने केवळ रोख्यावर विसंबून न राहता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब पाहिला पाहिजे, अशा त्यातील तरतुदी होत्या. हेतू चांगलाच होता. परंतु सावकारांनी गहाणखताच्या ऐवजी खरेदीखत करून घेण्यास प्रारंभ केला. जमीन तोंडी बोलीने गहाण आणि कागदोपत्री विकलेली. कायद्याने कागदाला शुद्ध करू पाहिले आणि त्यामुळे कागदाचे बळ वाढले! तोंडी बोली आणि लिखित मजकूर यांत असे अंतर पडले, की एक खरे धरले असता दुसरे आपोआप खोटे ठरावे.

जुने दस्त पाहणाऱ्यांना ठाऊक आहे, की सही करता न येणारा कुणबी नावाखाली नांगराचे चित्र काढी व त्याला ‘निशाणी नांगर’ म्हणत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी मार्मिक खूण आहे. अक्षर येत नाही म्हणून माणूस चित्र काढतो; त्या चित्राने तो आपली ओळख देतो, आणि त्याच चित्राने आपली जमीनही देऊन टाकतो. चित्र त्याचे, पण त्यावरचा मजकूर दुसऱ्याचा. आता ‘सावकारी पाश’ पाहणारा प्रेक्षक डोळ्यांपुढे आणावा. पडद्यावरील चित्र त्याला कळते, कारण ते त्याच्याच घराचे आहे. मध्येच अक्षरांची पाटी येते आणि तिचा अर्थ त्याला दुसऱ्याच्या तोंडून घ्यावा लागतो. ज्या परावलंबनाची कथा त्याला सांगितली जात आहे, तेच परावलंबन तो त्या क्षणी खुर्चीवर वा जमिनीवर बसून अनुभवीत आहे. बाबूरावांनी अथवा आपट्यांनी हे योजून केले असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. माध्यमाच्या मर्यादेनेच ते घडवून आणले.

आता शीर्षकाकडे वळू. ‘सावकारी पाश’ यातील पहिले पद व्यवहारातले, खेड्यापाड्यांत रोज उच्चारले जाणारे. दुसरे पद तत्सम आणि ग्रांथिक. ‘पाश’ म्हटले की यमाचा पाश, मायापाश, मोहपाश आठवतात. पुराण आणि कीर्तन यांच्या वातावरणातला हा शब्द आहे. ज्याच्या गळ्याभोवती तो पडला आहे तो कुणबी स्वतः ‘पाश’ म्हणणार नाही. तो ‘फास’ म्हणेल. ‘फास’ हा ‘पाशा’चाच तद्भव होय. म्हणजे एकच शब्द दोन वाटांनी मराठीत वावरतो आहे. एक वाट ग्रंथातून येते, दुसरी शेतातून. आणि शेतकऱ्याच्या दुःखाचे नाव ठेवताना लेखकाने ग्रंथाची वाट पत्करली. यात आपट्यांना दोष देण्याचे कारण नाही. १९२५ साली एखाद्या गंभीर कलाकृतीला ‘सावकारी फास’ हे नाव देणे कोणाला सुचले नसते. त्या नावाने गांभीर्य घटले असते असे सुशिक्षितांना वाटले असते. नेमके हेच लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रामीण जीवन गंभीर विषय होऊ शकते हे तोपर्यंत मान्य झाले होते, पण ग्रामीण शब्द गंभीर होऊ शकतो हे मान्य व्हायचे होते.

तत्कालीन नाटकांत खेडवळ बोलीचे स्थान काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हय’ ही रूपे ज्याच्या तोंडी येत तो बहुधा गडी असे, शिपाई असे, नाहीतर प्रेक्षकांना हसविण्यासाठी आणलेला भोळा असामी असे. अपवाद होते. जोतीराव फुल्यांनी (त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण) १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात कुणब्याला त्याची स्वतःची बोली दिली होती, आणि तीही जोश्याकडून नागविल्या जाणाऱ्या माणसाची बोली म्हणून. पण ते नाटक त्या काळी रंगभूमीवर आले नाही आणि छापले गेले ते थेट १९७९ साली. जो मार्ग खुला होऊ शकला असता तो सव्वाशे वर्षे बंद राहिला.

या पार्श्वभूमीवर शांतारामांनी उभ्या केलेल्या शेतकऱ्याचे मौन पाहावे. तो बोलला असता तर दोनच गोष्टी संभवत होत्या. एक तर त्याने पुण्याची प्रमाण मराठी बोलावी आणि कृत्रिम व्हावे. नाही तर सातारी-कोल्हापुरी बोली बोलावी आणि प्रेक्षकांतील नाटकाला सरावलेल्या वर्गाने पहिल्याच वाक्याला हसावे. मूकपटाने त्याला या दोन्ही आपत्तींतून वाचविले. पाटीवरील भाषा काहीही असो, ती त्याच्या ओठांवर नव्हती. त्याच्या ओठांवरचा शब्द प्रत्येक प्रेक्षक आपापल्या बोलीत ऐकू शकत होता. मराठीत गंभीर नायक म्हणून कुणबी पहिल्यांदा उभा राहू शकला तो त्याची बोली ऐकू येत नव्हती म्हणून, असे विधान करण्याचा मोह मला होतो. ‘पहिल्यांदा’ हा शब्द कोणी मागे घ्यावयास लावला तर मी तो घेईन. बाकीचे विधान मला सोडवत नाही.

अर्थात मौनाने दिलेली ही प्रतिष्ठा उसनी होती, आणि उसनवारीची मुदत १९३१-३२ मध्ये संपली. बोलपट आला. १९३६ साली कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी बाबूरावांनी स्वतःच ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलका. मूकपटाच्या कीर्तीला तो पोचला नाही. त्याचे एकमेव कारण भाषा होते असे म्हणण्याचा हेतू नाही. अकरा वर्षांत प्रेक्षक बदलला होता, स्पर्धक बदलले होते, आणि बाबूरावांचे पूर्वीचे सहकारी दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी १९२९ साली प्रभात काढून कितीतरी पुढे मजल मारली होती. तथापि मूकपटात जी निवड टाळता आली होती ती बोलपटात टाळणे शक्य नव्हते, एवढे तरी निर्विवाद आहे. गंभीर लेखनात या मुलखातील बोलीला मानाचे पान मिळण्यास आणखी वेळ लागला. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची, ‘बनगरवाडी’ १९५५ ची; वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. ही गावे आजच्या सांगली जिल्ह्यातच आहेत.

येथे साधनांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. १९२५ च्या ‘सावकारी पाशा’ची प्रत आज उपलब्ध नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पण तोवर मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट होऊन गेला होता. तरीही या चित्रपटाविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण अंधुक प्रकाशात टिपलेले झोपडे आणि रात्री भुंकणारा कुत्रा यांचे वर्णन करतो. हे वर्णन मूळचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीतले. एका रसिक प्रेक्षकाच्या स्मृतीत उरलेली ती प्रतिमा आहे, आणि ते त्यांनी स्वतः अस्पष्ट आठवण म्हणूनच सांगितले आहे. पण पुढील लेखकांनी ती अशा थाटात उद्धृत केली की जणू प्रत्येकाने तो प्रसंग पाहिला आहे. आठवण वारंवार सांगितली गेली की तिचा दस्त होतो, आणि मग मूळ व्यवहार काय होता हे कोणी विचारीत नाही. या लेखातील विषयाला हे अगदीच साजेसे झाले! वाडियांच्या साक्षीचे मोल कमी करण्याचा माझा उद्देश नाही. उलट, तीत एक गोष्ट आहे जिच्याकडे कोणी पाहिलेले नाही : त्यांना वर्षांनुवर्षे आठवत राहिला तो ध्वनी, आणि चित्रपट तर मूक होता. कुत्र्याचे भुंकणे त्यांनी डोळ्यांनी ऐकले. जे कुत्र्याच्या बाबतीत घडले ते शेतकऱ्याच्या बाबतीतही घडले असणार, हे मान्य करण्यास मग हरकत कोणती?

ना. ह. आपट्यांच्या पुढील कारकिर्दीत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून प्रभातने १९३४ साली ‘अमृतमंथन’ काढला आणि ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून १९३७ साली ‘कुंकू’. ‘कुंकू’ची पटकथाही आपट्यांचीच. वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न हा त्याचा विषय. हाच विषय गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदे’त हाताळला होता, आणि देवलांचे हरिपूर तर सांगलीला लागूनच. देवलांच्या शारदेचे लग्न ऐन वेळी मोडते ते इतरांच्या खटपटीने. तिच्या वाट्याला विलाप येतो. ‘कुंकू’तील नीरेचे लग्न लागून चुकलेले आहे, आणि ते मान्य नसल्याचे ती स्वतः, तोंडाने, स्पष्ट मराठीत सांगते. शांता आपट्यांचा आवाज त्या चित्रपटाचा कणा आहे. हे शक्य झाले, कारण नीरा ज्या वर्गातली आहे त्या वर्गाची बोली आणि बोलपटाची भाषा एकच होती. तिला शब्द मिळताच तिचे गांभीर्य वाढले. ‘सावकारी पाशा’तील कुणबी १९३६ साली बोलू लागला आणि नीरा १९३७ साली. लेखक एकच, कोरेगावात बसून लिहिणारा. दोघांचीही तक्रार एकाच जातीची होती : आपल्या आयुष्याचा सौदा दुसऱ्यांनी केला, ही. नीरेचे वाक्य आज ऐकायला मिळते. कुणब्याचे वाक्य १९२५ साली तंबूत जो पाटी वाचीत असेल त्याच्या तोंडी होते.